पाहुण्यांसाठी केलेला गारवा

कॉलेजातल्या आमच्या पर्यावरण विभागात शनिवारी अकरा वाजता खुर्च्या कमी पडतात. मग मी शेजारच्या प्रयोगशाळेतली स्टुलं आणून ठेवते. मुलं बसतात, मोबाईल मांडीवर पालथे घालतात, आणि कुणीतरी एक जण, बहुतेक मागच्या रांगेतला, ठरलेला प्रश्न विचारतो, "मॅडम, पण ह्यात स्कोप आहे का?"

ह्यात म्हणजे पर्यावरणाच्या कामात. कुणाला सौरऊर्जेत जायचं असतं, कुणाला जंगलाकडे, कुणाला नाग नदी साफ करायची असते पण कशी ते ठाऊक नसतं. घरी प्रत्येकाला ऐकवलेलं असतं, की झाडं लावून पोट भरत नाही. आमच्या मॅडम ह्या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. त्या उलट विचारतात, "मे महिन्यात दुपारी दोन वाजता तू कुठं असतोस?"

मुलगा म्हणतो, "घरी. कूलरसमोर."

"मग एक उन्हाळा त्या वेळेला माझ्याबरोबर वस्तीत काढ. त्यानंतर विचार. कुठं अर्ज करायचा, काय शिकायचं, कोण घेतं, कोण नुसतं फिरवतं, सगळं बसून सांगेन."

पुढच्या शनिवारी अर्धी स्टुलं रिकामी राहतात. मी ती परत नेऊन ठेवते.

मी इथे कंत्राटी परिचर आहे. खुर्च्या, चहा, काचेची भांडी, किल्ल्या. दर अकरा महिन्यांनी माझा कागद नवा होतो, आणि तो हातात येईपर्यंत मला जेवण गोड लागत नाही, इतकी वर्षं झाली तरी. माझं शिक्षण आठवी. गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या काठाला. नववीची शाळा पलीकडच्या काठावर होती आणि पावसात होडी बंद असायची. त्या वर्षी होडी सुरू झाली तेव्हा गणपती होऊन गेले होते. आई म्हणाली, "आता राहू दे गो, मागं पडलीस." शाळेतून कुणी विचारायला आलं नाही, आणि मीही कुणाला काही बोलले नाही. लग्नानंतर नवऱ्याला रामदासपेठेतल्या एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये स्वयंपाक्याचं काम मिळालं, म्हणून आम्ही नागपूरला आलो. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं होतं शेजारी कुणीतरी भट्टी लावलीय. दोन दिवस मी ती शोधत होते.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "ताई, शिकलात किती?" मी खरं सांगितलं आणि पिशवी उचलायची तयारी केली. त्यांनी टेबलावरचा थर्मामीटर माझ्या हातात दिला. "वाचा बरं." मी वाचला. त्यांनी स्वतः पाहिला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मग अडचण काय?" त्या दिवसापासून वस्तीत जाताना यंत्रांची पेटी माझ्याकडे असते. ह्या माणसाचं आपण काही देणं लागतो, असं मला कुणाबद्दल वाटलं असेल तर ते त्यांच्याबद्दल. म्हणूनच पुढे जे झालं ते सांगताना माझी जीभ इतकी जड झाली.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी शनिवारी यायला लागली. मौद्याकडून रोज बसने ये-जा करायची. तिचे वडील तिकडच्या कोळशाच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. तिनं स्कोपचं विचारलं नाही. सगळे गेल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आमचं घर कोळशावर चालते. माझी फी बी त्याच्यातूनच भरली. अन् मी ह्या कामात यायचं म्हणजे बापाशी बेइमानी नाही का?"

मी कप गोळा करत होते, ते हातातच राहिले. असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं. मग म्हणाल्या, "टिनाच्या घरात राहणाऱ्या बाईला दुपारी तासभर झोप लागावी. हे कुणाच्या विरोधात आहे, सांग."

मुलगी म्हणाली, "कोणाच्याच नाही."

"मग तिथून सुरू कर. बाकीचं पुढं पाहू."

पुण्याकडची एक संस्था दरवर्षी मोजक्या मुलांना उन्हाच्या कामावर दोन वर्षांसाठी घ्यायची. ऊन कुठे जास्त मारतं ते शोधायचं, आणि तिथे काय करता येईल ते करून दाखवायचं. पगार होता, पुढे शिकायची सोय होती. पण अर्जासोबत स्वतः केलेला एका उन्हाळ्याचा अभ्यास हवा होता. इकडे वडिलांनीही तिच्यासाठी एका ठेकेदाराकडे शब्द टाकला होता. ऑफिसात बसून नोंदी करायचं काम, पंख्याखाली, घराजवळ. ठेकेदार म्हणाला होता, नवतपा झाला की पोरीला पाठवा. मे संपतानाचे ते सगळ्यात कडक नऊ दिवस. त्यानंतर हजर व्हायचं. म्हणजे तिच्या हातात तेवढाच वेळ होता. तिला मनातून काय हवं होतं ते मला दिसत होतं, पण ती म्हणायची, "मावशी, आधी पाहू ना, ह्या कामानं खरंच काही होते का. नुसतं चांगलं वाटून काय फायदा?"

तिचा अभ्यास साधा होता. सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे एका वस्तीत टिनाच्या छताची बारा घरं निवडली. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या सहा घरांच्या छताला मार्चमध्ये चुना लावला, दोन हात, डिंक घालून. सहा घरं तशीच ठेवली. मग एप्रिल आणि मे, आठवड्यातून तीनदा, दुपारी अडीच वाजता बाराही घरांत जाऊन आतलं तापमान लिहायचं. सोबत शनिवारच्या आणखी दोन मुली, मॅडम आणि पेटी घेऊन मी. पांढरं छत किती गार राहतं ते कळलं की पालिकेसमोर, संस्थेसमोर काहीतरी ठेवता येईल.

बिनचुन्याच्या घरांतलं एक घर एका आजींचं होतं. सून धुण्याभांड्याला जायची, मुलगा बांधकामावर, आजी दिवसभर घरी. चिठ्ठीत त्यांचं घर निघालं नाही तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्यावर काहून रुसली वं पोरी?"

मुलीनं समजावलं, "रुसली नाही आजी. तुलना करावी लागते. काही घरं चुन्याची, काही बिनचुन्याची."

"म्हणजे आम्ही तापाचं अन् तुम्ही लिहाचं."

मुलगी लाल झाली. म्हणाली, "नवतपा संपला का दुसऱ्या दिवशी तुमच्या छताले मी सोताच्या हातानं चुना लावून देईन. शब्द देते."

"तवापर्यंत जगलो पाहिजे ना," आजी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती आजींच्याच घरात चक्कर येऊन पडली. सकाळी उपाशी निघालेली, त्यात दोन बस बदललेल्या. आम्ही तिला भिंतीशी बसवलं, आजींनी कांदा फोडून नाकाशी धरला, पन्हं पाजलं. ती दहा मिनिटांत उठली आणि आधी थर्मामीटर कुठे आहे ते बघायला लागली. पण आजींचं तोंड उतरलं ते उतरलंच. "माह्या घरात येऊन पोरगी पडली," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "पाहुणी येऊन पडली माह्या घरात."

मला ते फार लागलं. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला आधी गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे होतो, काय काम काढलंत हे नंतर. आलेलं माणूस आपल्या घरात तापलं, पडलं, ह्यासारखी लाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाता जाता मी वस्तीत वळले आणि बिनचुन्याच्या सहाही घरांत सांगून आले. "मुली दुपारी येतात. बारीक आहेत, उन्हाची सवय नाही. त्या यायच्या आधी जरासा गारवा करून ठेवाल का?" चुन्याच्या घरांत सांगायची गरज वाटली नाही. तिथे बसवत होतं.

त्या दिवशी मी खुशीत होते. आठवी शिकलेल्या बाईला काहीतरी सुचलं होतं, आणि ते कुणी सांगायच्या आधी तिनं केलं होतं.

बायकांनी मनावर घेतलं. आम्ही यायच्या दिवशी दीड वाजला की जमिनीवर पाणी शिंपडायच्या, दारावर ओलं लुगडं सोडायच्या. ज्यांच्याकडे कूलर होता त्या तो तासभर चालवायच्या. आजींनी तर पोती भिजवून नातवाकडून छतावर टाकून घेतली, आणि त्यांचं पाहून बाकीच्यांनीही. आमच्या मुलींनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, "मशीनवर कूलरची हवा नाही पाहिजे." म्हणून आम्ही गल्लीत शिरलो की बायका इमानदारीनं कूलर बंद करायच्या, दारावरचं लुगडं काढायच्या. मुलगी फॉर्मवर विचारायची, "कूलर सुरू आहे का?" बाई म्हणायची, "नाही वं." खरंच नसायचा. छतावरची पोती खालून दिसत नव्हती. मला ठाऊक होतं म्हणून गल्लीच्या टोकावरून ती दिसायची, आणि मला बरं वाटायचं.

आता लिहिताना कळतं की मी दर वेळी पेटी घेऊन त्या चुकीच्या मागे मागे चालत होते.

मेचा तिसरा आठवडा सरत आला. एका गुरुवारी विभागात ती एकटीच लॅपटॉपसमोर बसली होती. मी पंख्याखाली बाटल्या पुसत होते. तिनं मला बोलावलं.

"मावशी, इकडे या ना. हे पाहा."

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक निळी, एक लाल. दोन्ही सोबत सोबत चाललेल्या, कुठे ही वर तर कुठे ती.

"निळी चुन्याची घरं. लाल बिनचुन्याची. काहीच फरक नाही. सात आठवडे फिरलो आपण, अन् काहीच नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. "बाबा बरोबर म्हणत होते. चांगलं वाटाले म्हणून लोकं ही कामं करते. मी शनिवारी मॅडमले सांगून टाकते अन् ऑफिसात जाते."

मी म्हटलं, "अगं पण आजींच्या घरात तू पडली होतीस. चुन्याच्या घरात कुणी पडलं का?"

"ते पहिल्या आठवड्यात, मावशी. पहिल्या आठवड्यात लाल रेघ वरच आहे, हे पाहा. मग खाली आली. आकडे काही आपल्या मर्जीनं चालत नाही."

ती बोट ठेवून दाखवत होती आणि मी त्या बोटाकडे बघत होते. लाल रेघ जिथे खाली वळत होती तिथे मला एक सकाळ दिसली. मी दारोदार जाऊन सांगतेय, गारवा करून ठेवाल का. पुसायला घेतलेली बाटली अजून माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली.

मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, शुक्रवारीही नाही. नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "तू भल्यासाठीच केलंस ना? मग गप रहा. जूनमध्ये तुझा कागद व्हायचा आहे. आणि हे कुणाला कळणार आहे?" तो माझ्या काळजीपोटीच बोलत होता. पण त्याच्या शेवटच्या वाक्यानं माझी झोप गेली. खरंच, कुणालाच कळणार नव्हतं. ती ऑफिसात जाऊन बसेल, तिला आयुष्यभर वाटत राहील की ह्या कामात काही अर्थ नाही, आणि असं तिला का वाटतं हे जगात एकट्या मला माहीत असेल. मला आमची होडी आठवत राहिली. तेव्हा कुणी एकानं येऊन एक शब्द बोलायला हवा होता. कुणी आलं नाही.

शनिवारी खुर्च्या भरलेल्या होत्या. ती पुढे उभी राहून मुलांना सांगत होती, दोन्ही रेघा दाखवून. मॅडम भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. ती म्हणाली, "तर चुन्यानं फरक पडत नाही, असं आमच्या अभ्यासातून निघालं," आणि मी म्हटलं, "नाही निघालं."

सगळे वळले. मी ट्रे एका मुलाच्या मांडीवरच्या वहीवर ठेवून दिला. मग मी सांगितलं. कुणाच्या तोंडाकडे न बघता, खिडकीकडे बघून. पोती, लुगडी, कूलर, आणि कुणी सांगितलं ते.

एक मुलगा हसला. दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

मुलगी माझ्याजवळ आली. "काहून सांगितलं नाही मावशी? इतके दिवस?"

"मला कळलंच नव्हतं गं. गुरुवारी कळलं."

"अन् गुरुवारपासून?"

मी त्या मुलाच्या मांडीवरचा ट्रे उचलला.

"माझं जाऊ द्या," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. "त्या सहा घरांना आपण चुना नाही लावला. मोजाचं म्हणून. ते लोकं अख्खा उन्हाळा तापले, मावशी. कशासाठी तापले ते? कशासाठीच नाही!" तिनं बॅग उचलली आणि गेली.

मॅडमनी मुलांना घरी पाठवलं. आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, "मॅडम, माझा कागद नका करू ह्या वेळी. मी समजून आहे."

त्या चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "दर वेळी मीही त्या घरांत येत नव्हते का? ओली जमीन मला दिसली नाही? दिसली. मला वाटलं, नागपूर आहे, शिंपडतातच." मग चष्मा चढवून, "कागदाचं मी बघते. तुम्ही तिला बघा."

रविवारी सकाळच्या बसनं मी मौद्याला गेले. तिचे वडील अंगणात चपला शिवत बसले होते. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मुलगी आत होती, बाहेर आली नाही. मी सगळं पुन्हा त्यांना सांगितलं, म्हटलं, चूक माझी आहे, तिच्या कामाची नाही, तेवढं तिला कळू द्या.

ते ऐकता ऐकता सुई बाजूला ठेवून हसायला लागले. मला काही समजेना.

"बाई, मी आधी गिट्टीच्या क्रशरवर होतो," ते म्हणाले. "साहेब धूळ पाहाले येणार म्हटलं का आम्ही सकाळपासून पाणी मारत होतो. साहेब ये, इकडेतिकडे पाहे, चांगलं आहे म्हणे, अन् जाये. त्याले धूळ कधी दिसलीच नाही." त्यांचं हसू हळूहळू बसलं. "आमच्या छातीत गेली ती. पाहाले माणूस आला का जागा बदलते, बाई. तुमच्या बायकांनी तं प्रेमानं केलं."

मग त्यांनी आत पाहून आवाज चढवला. "ऐकलं का वं? तुले आतापर्यंत कोणी शिकवलं नाही ते ह्या बाईनं शिकवलं. नऊ दिवस अजून आहेत. जा, नीट मोजून ये. फरक नसन तं ऑफिस आहेच. पण खोट्या आकड्यावर नको बसू."

दारातून तिचा आवाज आला. "अन् कसं मोजू? आम्ही गेलो का त्या गारवा करतेच ना!"

"ते तुम्ही पाहा," वडील म्हणाले आणि चप्पल पुन्हा हातात घेतली. "मी काय कालेजात गेलो का?"

सोमवारी नवतपा लागला. सकाळी आम्ही तिघी आजींच्या दारात होतो. मुलगी आली होती, माझ्याशी बोलत नव्हती. मॅडमनी आजींना समजावलं की आम्ही येऊ तेव्हा काही करू नका, पोती टाकू नका, पाणी शिंपडू नका.

आजींना ते पटेना. "म्हणजे पाहुण्याले भट्टीत बसवाचं? माह्यानं नाही होणार. तुम्ही शिकल्यासवरल्या, तुमाले चालत असन."

"आजी, आम्ही पाहुण्या नाही," मुलगी म्हणाली. "आम्ही कामाले येतो."

"घरात आली ते पाहुणीच. बाप्पा, काय पोरगी आहे!" आजी कंबरेवर हात ठेवून विचार करत उभ्या राहिल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "मंग येऊच नका ना."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"मशीन ठेवून जा. आमची सून दहावी शिकली हाये, ते लिवते. मले बी आकडे समजते, मी काही अडाणी नाही. तुम्ही आल्या नाही तं मी काहून पोती भिजवू? पाणी काय फुकट येते?"

मॅडम ओट्यावर बसल्या. त्या हसत होत्या की काय ते मला कळलं नाही, पदर तोंडाला होता. मुलीनं पेटी उघडली. बाराही घरांत एकेक यंत्र, एकेक वही, रोज दुपारी अडीचचा आकडा लिहायला. कूलर ज्यांच्याकडे होता त्यांनी तो कधी लावला ते लिहायचं, पाणी कधी शिंपडलं ते लिहायचं, आणि रोज जसं राहता तसंच राहायचं. आजींची सून कामाला गेली तर आजींनी लिहायचं. एका बाईला लिहिता येत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून यंत्रावरचे आकडे कसे दिसतात ते तसेच उतरवायला शिकवले. बघून बघून काढायचे, रांगोळीसारखे. तिची वही सगळ्यात स्वच्छ निघाली.

निघताना मुलीनं आजींना विचारलं, "अजून नऊ दिवस तापाल? माझ्यासाठी?"

"तुह्यासाठी काहून? चुन्यासाठी," आजी म्हणाल्या. "दहाव्या दिवशी ये. शब्द देला आहे तू."

ते नऊ दिवस मी कसे काढले ते मला विचारू नये. रोज दुपारी अडीच वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे. एका दिवशी ऊन इतकं होतं की मी सरळ मॅडमना म्हटलं, जाऊन बघून येऊ का, आजी एकट्या असतात. मॅडम म्हणाल्या, "बाहेरून बघा. आत जाऊ नका." मी गल्लीच्या टोकावर उभी राहिले. छतावर पोती नव्हती. आजी ओट्यावर सावलीत बसलेल्या, मांडीवर वही. त्यांनी मला पाहिलं आणि हातानं हाकललं, जा, जा.

नवव्या दिवशी संध्याकाळी वह्या परत आल्या. मुलीनं आकडे भरले. मी त्या खोलीत थांबले नाही, बाहेर नळाशी उभी राहिले. थोड्या वेळानं ती दारात आली. "मावशी," तिनं हाक मारली. दहा दिवसांत पहिल्यांदा. "या, पाहा."

दोन रेघांच्या मधून आता हात जात होता. लाल वर, निळी खाली, रोज, नवतप्याच्या नऊही दुपारी. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. लाल रेघ वर होती म्हणजे आजी तिथे होत्या.

दहाव्या दिवशी ठेकेदाराकडे हजर व्हायचं होतं. मी सकाळी वस्तीत गेले ते तिच्या वतीनं आजींना सांगायला, की आज ती नाही आली तर राग मानू नका, मी लावते चुना. गल्लीत शिरले तर आजींच्या भिंतीला शिडी लागलेली. शिडी तिच्या वडिलांनी धरली होती. ती वर होती, कोपरापर्यंत पांढरी, तोंडाला दुपट्टा बांधून.

मॅडम खालून म्हणत होत्या, "अगं, पंधरा दिवसांत पाऊस येईल. सगळं धुऊन जाईल. मार्चमध्ये लावू ना नीट."

"मार्चमध्ये परत लावू," वरून आवाज आला. "पंधरा दिवस तं झोपतील ना."

तिच्या वडिलांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "ठेकेदाराले फोन केला," ते म्हणाले. "म्हटलं, माझी पोरगी कामावर आहे."

सहाही छतं तिनं त्या दिवशी केली नाहीत. दोन दिवस लागले. अर्जाबरोबर तिनं दोन्ही अभ्यास पाठवले, आधीचा चुकलेला आणि नंतरचा. मॅडम म्हणाल्या होत्या, चुकलेला कशाला, त्याचा नुसता उल्लेख कर. तिनं ऐकलं नाही. संस्थेनं तिला पहिल्या यादीत घेतलं नाही. ती तेव्हा चार महिने आमच्या विभागात बसून होती, वस्त्यांच्या याद्या करत, आणि घरी रोज एकच प्रश्न ऐकत. दिवाळीच्या आधी कुणीतरी सोडून गेलं आणि तिला बोलावणं आलं.

आता ती दुसऱ्या शहरात आहे, तिकडच्या उन्हात. मागच्या महिन्यात तिनं तिच्या नव्या पाहणीचा फॉर्म आम्हाला पाठवला, काही सुचतंय का बघा म्हणून. मी तो घेऊन आजींकडे गेले. अलीकडे आजींना कमी ऐकू येतं. मी जवळ बसून मोठ्यानं वाचला. नाव, घर, छत कशाचं, हे सगळं नंतर. पहिलाच प्रश्न होता, आम्ही येणार म्हणून तुम्ही आज घरात काय केलं?

आजींनी तो पुन्हा वाचायला लावला. मग बोटानं माझ्या पेनाकडे दाखवलं.

"लिव," त्या म्हणाल्या. "काहीच नाही केलं. गूळपाणी ठेवलं, ते बी बाहेर, ओट्यावर."